आपलेच दात, आपलेच ओठ

४ ऑगस्ट

दादा,

फोन तू उचलत नाहीस. मेसेज पाठवला की दोन निळ्या खुणा उमटतात आणि पुढे सगळं शांत. म्हणून हे पत्र. पत्राचं एक बरं असतं, फाडायचं म्हटलं तरी आधी हातात घ्यावं लागतं. आणि कागद एकदा हातात आला की तू वाचल्याशिवाय सोडत नाहीस. औषधाच्या खोक्यातली चिठ्ठीसुद्धा तू शेवटच्या ओळीपर्यंत वाचतोस.

आधीच सांगते, माफी मागायला लिहीत नाहीये. पालकसभेत मी बोलले ते उद्या पुन्हा बोलेन. ‘कॅन्टीनमधला थंड पेयांचा फ्रीज माझ्या सख्ख्या भावाच्या एजन्सीचा आहे, आणि तो काढावा असं मीच म्हणते आहे.’ एवढंच म्हणाले. वहिनी सांगते, चारचौघांत तुझी अब्रू गेली. अरे, नातं मी नसतं सांगितलं तर दुसऱ्या कोणीतरी उठून सांगितलं असतं, आणि मग दोघांचीही गेली असती. शिवाय तुला अंधारात ठेवून काही केलेलं नाही. त्याआधीच्या रविवारी तुझ्याच घरी, तुझ्याच जेवणाच्या टेबलावर सगळं सांगितलं होतं. तू हसलास. म्हणालास, “शिट्टी, तू पोरी पळव. माल कुठे पळवायचा ते माझ्यावर सोड.”

मला वाटतं, मी गंमत करत नव्हते हे तुला सभेतच कळलं.

आता हे डोक्यात आलं कुठून, तेही ऐक. दातांच्या डॉक्टरीणबाई सहावीचा वर्ग तपासायला आल्या होत्या. मदतीला कोणी मोकळं नव्हतं, म्हणून खेळाच्या बाईंच्या हातात बॅटरी दिली. मी एकेका तोंडात उजेड पाडत उभी. काळे ठिपके, पोकळ दाढा, एकाच्या तर पुढच्या दातांचे नुसते खुंट. एक मुलगी आहे, हसताना कायम तोंडावर हात धरते. दोन वर्षं मी तिला लाजाळू समजत होते. त्या दिवशी तिने हात काढला, तेव्हा कारण दिसलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “एकदम प्यायलेलं एक वेळ परवडलं. ही पोरं दिवसभर घोट घोट गोड पाणी तोंडात खेळवतात. दातांना उसंतच नाही.”

दादा, तू वाईट माणूस आहेस असं मी कधीच म्हटलं नाही. कोणी म्हटलंच तर त्याच्याशी आधी मी भांडेन. पण तो फ्रीज शाळेत नको.

तू दुसऱ्याच दिवशी सकाळी टेम्पो पाठवलास. फ्रीज नेलास, ठीक. गुण लिहायचा फळा नेलास, तेही ठीक, त्यावर कंपनीचं नाव होतं. पण व्हॉलीबॉलचं नेट? तुझा माणूससुद्धा खांबाजवळ घुटमळत होता. “बाई, खरंच काढू का?” मी म्हटलं, “काढ. फक्त कापू नकोस, गाठी सोडव. चांगलं नेट आहे, कोणाच्या तरी उपयोगी पडेल.”

आम्ही दोरी बांधली आहे. तिला जुन्या ओढण्यांच्या चिंध्या लटकवल्या आहेत, म्हणजे चेंडू वरून गेला की खालून यावर वाद होत नाही. तुझी लेक, आपली भिंगरी, आता पहिल्यापेक्षा उंच सर्व्हिस टाकते. तेवढं तुला कळावं म्हणून लिहिलं.

शिट्टी

१९ ऑगस्ट

दादा,

उत्तर नाही. हरकत नाही. वहिनी म्हणाली, पत्र तुझ्या शर्टाच्या खिशात दोन दिवस होतं. म्हणजे पोचलं.

कार्यक्रमाचं नाव ‘आधी पाणी’. नाव मीच ठेवलं. शाळेत गोड पेय आणायचं नाही, ज्याने त्याने आपली पाण्याची बाटली आणायची, आणि घरी सोमवार ते शुक्रवार अख्ख्या घराने पाळायचं. आई-बाबांनीही. पोराला पाणी आणि बापाला बाटली, असं चालणार नाही.

पहिल्याच दिवशी मी वर्गात काचेची बरणी ठेवली. एका बाटलीत किती साखर असते तेवढी चमच्याने बरणीत टाकायला लागले आणि पोरांना म्हटलं, तुम्हाला पुरे वाटेल तिथे ‘थांबा’ म्हणा. ती लवकरच ओरडायला लागली. मी टाकतच राहिले. शेवटी वर्ग इतका गप्प झाला की मला स्वतःचा अभिमान वाटला. खोटं कशाला बोलू?

मग पालकांची बैठक. बस चालवणारे एक बाबा उठले. “बाई, साखरेचं कळलं. पण घरी पाहुणा आला तर त्याच्यापुढे काय नुसतं पाणी ठेवू? लोक म्हणतील, याचे दिवस फिरले.”

मी म्हटलं, “पाणी थंड ठेवा आणि बोलणं गोड ठेवा.”

सगळे हसले. मग कारखान्यात पाळीवर जाणारी एक आई उठली. ती हसत नव्हती. “मी कामावरून येईस्तोवर माझी दोघं घरात एकटी असतात. मोठी बाटली आणून ठेवली की टीव्हीसमोर बसतात, भांडत नाहीत, बाहेर जात नाहीत. तुमच्यासाठी ती बाटली असेल बाई, माझ्यासाठी ती दाई आहे.”

 मी घाईने पुढचा मुद्दा घेतला.

एकंदरीत छान चाललंय. भिंतीवर चित्रं लागली, टाकी आतून घासून घेतली, नवे नळ बसवले. मोठ्या बाई खूश आहेत. तुला माहीत आहे, आमच्या मुख्याध्यापिका सहसा कशावर खूश होत नाहीत. संस्थेच्या अध्यक्षांनीही परवा ऑफिसात बोलावलं होतं. चहा पाजला. चौकशी केली. चहा फार गोड होता, एवढंच. काळजीचं काही नाही. तू विचारणार नाहीसच, पण काही नाही.

शिट्टी

५ सप्टेंबर

दादा,

हे पत्र मात्र नीट बसून वाच. वहिनीचा फोन येऊन गेला आहे, म्हणजे अर्धं तुला कळलंच असेल. अर्धं माझ्याकडून ऐक.

मंगळवारी मी खेळाचं सामान ठेवायच्या खोलीमागे गेले तर तिथे चार-पाच मुली घोळका करून उभ्या. मला बघून पांगल्या. एक राहिली, कारण तिला पळता येईना. तिच्या पायाशी चेंडूंची मोठी पिशवी होती आणि पिशवीत चेंडू नव्हते.

“हे काय?” मी विचारलं.

“बाटल्या.”

“तेवढं मला दिसतंय. कोणासाठी?”

“गिऱ्हाइकांसाठी,” तुझी मुलगी म्हणाली. तोंड एवढंसं झालेलं, पण शब्द मात्र तुझाच.

तुझ्याच गोडाऊनमधल्या होत्या. शाळेत बंदी आली आणि हिने आठवड्याच्या आत दुकान थाटलं! मला राग आला, आणि खरं सांगते, हसूही आलं. हसू गिळलं आणि म्हटलं, “मुलगे तर गेटबाहेर जाऊन पितात, ते मला माहीत आहे. हे कोण घेतं?”

“मुलीच घेतात.”

“का? पाणी आहे की आता. टाकी धुतली, नळ बसवले, थंडगार येतं.”

ती माझ्याकडे बघत राहिली. मी दुसऱ्याच कुठल्या शाळेत शिकवत असल्यासारखी. “आत्या, पाणी प्यायलं की जावं लागतं.”

“मग?”

“मग कुठे जायचं?”

दादा, मी त्या शाळेत नऊ वर्षं आहे.

ती सांगत गेली. सकाळी घरून निघताना जायचं आणि मग थेट घरी पोचल्यावर. मधे पाणी प्यायचंच नाही. तोंड फारच सुकलं तर बाटलीतला एक घोट. “पाणी समोर आलं की गटागटा प्यावंसं वाटतं ग. हे घोटभर पुरतं. जिभेवर धरून ठेवलं की अजून पुरतं. एक बाटली दोघींना दिवसभर जाते.” मला डॉक्टरीणबाईंचं बोलणं आठवलं. आणि मैदानावर मी रोज ओरडते तेही आठवलं, “पाणी प्या ग पोरींनो!” त्या बाटली तोंडाला लावतात, मान वर करतात. मी बघते आणि समाधानाने शिट्टी वाजवते. त्या गिळतच नाहीत, दादा. मला दाखवायला नुसती बाटली वर करतात. मग दुपारी कोणाचं डोकं दुखतं, कोणाच्या पोटरीत गोळा येतो, आणि मी त्यांना सांगत बसते की व्यायाम कमी पडतोय.

मी तशीच तिला घेऊन मुलींच्या बाथरूमकडे गेले. आम्हा शिक्षिकांचं वेगळं आहे, कुलूप लावलेलं, स्वच्छ. इकडे मी शेवटची कधी आले होते, आठवेना. चार दारं. एकाला कडी नाही, आत गेलं की मैत्रिणीने बाहेरून दार धरून उभं राहायचं. मैत्रीण नसेल तर जायचं नाही. एकात नळ कोरडा. एक झाडू-बादल्यांनी भरलेलं. चौथं बरं होतं, पण त्याची किल्ली ऑफिसात, आणि ती शिपाईकाकांकडे मागायची. तेराचौदा वर्षांची कुठली मुलगी चार माणसांसमोर जाऊन ती किल्ली मागेल?

इथे आम्ही भिंतीवर पाण्याच्या थेंबाचं हसरं चित्र लावलेलं आहे. चित्र मीच निवडलं होतं.

आता तुला न आवडणारा भाग. बाटल्यांचं मी मोठ्या बाईंना सांगितलं. भिंगरीला पुढच्या सामन्यातून काढलंय. वहिनी म्हणाली, “घरचीच पोर होती, तिथल्या तिथे दटावून मिटवता आलं नसतं का?” आलं असतं. पण आत्याची भाची म्हणून ती सुटली असती, तर उद्यापासून एकही मुलगी माझ्याजवळ खरं बोलली नसती. भिंगरी रडली नाही. तिने एकच विचारलं, “घेणाऱ्या मुलींची नावं सांगणार आहेस?”

“नाही.”

“मग चालेल,” म्हणाली आणि पिशवी माझ्या हातात दिली.

बाटल्या परत पाठवल्या आहेत. मोजून घे किंवा घेऊ नकोस. पण तिला मारू नकोस. मला जे या शाळेत नऊ वर्षांत उमगलं नाही ते तिने दोन वाक्यांत सांगितलं.

शिट्टी

१८ सप्टेंबर

दादा,

आधी सामन्याचं. भिंगरीशिवाय आम्ही हरलो. सपाटून हरलो. ती बाकावर बसून हातांवर हात मारत ओरडत होती, आवाज बसेपर्यंत.

दुसरं म्हणजे काल आयांची बैठक झाली. वहिनीने तुला सांगितलं की नाही, मला माहीत नाही. मी सांगते. तिला माझ्यावर रागवायचं असेल तर रागवू दे, हल्ली मला सवय झाली आहे.

शाळा सुटल्यावर मोठ्या खोलीत बोलावलं होतं. वाटलं होतं, बोटावर मोजण्याइतक्या येतील. खुर्च्या कमी पडल्या. मी बाथरूमची हकिगत सांगितली, सरळ, आडपडदा न ठेवता. बायका मान खाली घालून ऐकत होत्या. अध्यक्ष खुर्चीत चुळबुळत होते. माझं संपल्यावर म्हणाले, “बाई, तुमचा कार्यक्रम साखरेचा आहे. संडासाचा नाही. हा विषय बांधकाम समितीकडे जाईल.”

“कधी जाईल?” मी.

“योग्य वेळी.”

मागून ती पाळीवाली आई म्हणाली, “तोपर्यंत पोरींनी काय धरून ठेवायचं?”

खोली खदखदून हसली, पण अध्यक्षांना हसू आलं नाही. म्हणाले, या गोष्टी अशा उघड्यावर बोलायच्या नसतात, शाळेचं नाव जातं. आणि मग सगळ्या गप्प झाल्या. शाळेचं नाव काढलं की कोणाला पुढे बोलवत नाही, तुला माहीत आहे.  तेवढ्यात डाव्या बाजूने खुर्ची सरकली.

वहिनी उभी राहिली.

मला ती आली आहे हेही ठाऊक नव्हतं. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. म्हणाली, “माझी मुलगी रोज घरी आली की पाठीवरचं दप्तर न काढता आत पळते. बूट दारात एक इकडे, एक तिकडे. दोन वर्षं मी तिला त्या बुटांवरून बोलते आहे.”  मग तिने अध्यक्षांकडे बघितलं. “आमचा धंदा कसला, ते इथे सगळ्यांना माहीत आहे. माझ्या घरात बाटल्यांना तोटा नाही. ह्या बाईंशी आमच्या घरात सध्या कोणी बोलत नाही. तरी मी आले आहे. मला दाराला कडी हवी.”

एवढं बोलून खाली बसली आणि पदराने चष्मा पुसायला लागली.

त्यानंतर अध्यक्षांचं कोण ऐकतंय! बस चालवणारे बाबा नळाचं कामही जाणतात म्हणे. ते दारात उभे होते. म्हणाले, “कड्या आणि नळ मी लावतो. परवानगी द्या किंवा नका देऊ, शनिवारी माझी सुट्टी असते.” अध्यक्षांनी परवानगी दिली. द्यावीच लागली. नाक दाबल्याशिवाय तोंड उघडत नाही, ते खोटं नाही.

दादा, तुझ्या घरात सगळ्यात कमी कोण बोलतं असं मला कोणी विचारलं असतं तर मी वहिनीचं नाव घेतलं असतं. काल ती सगळ्यांच्या वर बोलली. तिला घरी काही म्हणू नकोस. म्हणायचंच असेल तर मला म्हण. पत्ता मागे लिहिला आहे.

शिट्टी

२३ सप्टेंबर

शिट्टी,

मला पत्र लिहिता येत नाही, तुला माहीत आहे. मी बिलं लिहितो.

तुझ्या वहिनीला मी काही म्हणालो नाही. तिनेच मला पुष्कळ म्हटलं. भिंगरीलाही मारलं नाही. गोडाऊनमध्ये माल कमी भरत होता आणि मी उंदरांना शिव्या देत होतो. उंदीर बाटल्यांची झाकणं उघडत नाहीत, एवढी अक्कल मला हवी होती.

राग गेलेला नाही. माझ्याकडे अकरा माणसं आहेत. त्यांची पोरं त्याच शाळेत येतात. तू एका शाळेतून फ्रीज काढलास, तर बाकीचे विचारायला लागले, तुमच्या मालात असं काय आहे हो. ते ऐकायला मला गोड वाटत नाही. तू बरोबर असशील. पण बरोबर असण्याची किंमत माझ्या टेम्पोवाल्याने का द्यावी, हे एकदा मला समजावून सांग. सभेत नको.

आता तू मला जे लिहिलं नाहीस ते. तुमचे अध्यक्ष मागच्या महिन्यात माझ्या गोडाऊनला आले होते. म्हणाले, तुमच्या बहिणीची नेमणूक वर्षावर्षाची आहे, पुढच्या वर्षीचं काही खरं नाही, तिला तसं सांगितलं आहे. तुम्ही समजावलंत तर फ्रीज परत येईल, आणि कंपनीकडून मैदानाला छप्पर मिळतंय का तेही बघू. म्हणजे तो नुसता चहा नव्हता.

मी त्यांना म्हणालो, ती माझी बहीण आहे, माझा माल नाही. तिला कुठे ठेवायचं ते मी ठरवत नाही. आणि माझं भांडण माझ्या बहिणीशी आहे, त्यात तुम्ही पडू नका. ते गेले. छप्पर गेलं. माझं जरा नुकसानच झालं.

नोकरी जायची वेळ आली होती तर मला सांगायचं होतंस. भांडत असलो म्हणून काय झालं.

नेट गोडाऊनमध्ये आहे. मी न्यायला सांगितलं नव्हतं. टेम्पोवरच्या पोरांनी, आपणच दिलेलं म्हणून, आपल्या डोक्याने उचललं. परत पाठवणार होतो, पण मग तुझं पत्र आलं, आणि त्यात ‘कोणाच्या तरी उपयोगी पडेल’ असा टोमणा होता, म्हणून पाठवलं नाही.

वहिनीने घरात बाटल्या आणणं बंद केलं आहे. दुपारची माझी एक होती तीही. डोकं धरतं. हे सगळं तुझ्यामुळे.

दादा

७ ऑक्टोबर

दादा,

तुझं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं. एवढं मोठं बिल मला कोणी पाठवलं नव्हतं.

अध्यक्षांबद्दल मी तुला खोटं लिहिलं, कारण खरं लिहिलं असतं तर ते गयावया केल्यासारखं दिसलं असतं. भावाशी भांडताना आपली पडती बाजू दाखवायची नाही, हे मी तुझ्याकडूनच शिकले. नेमणुकीचं मार्चमध्ये कळेल. ठेवलं तर ठेवतील, नाही तर दुसरी शाळा बघेन. शिट्टी माझी स्वतःची आहे.

शाळेचं सांगते. दारांना कड्या लागल्या, नळांना पाणी आलं, झाडू-बादल्या दुसरीकडे गेल्या आणि ऑफिसातली किल्ली मोठ्या बाईंनी स्वतः टेबलाच्या खणातून काढून सगळ्यांसमोर कचऱ्यात टाकली. पहिले काही दिवस मुली नुसत्या जाऊन कडी लावून बघून यायच्या. मग हळूहळू बाटल्या खरोखर रिकाम्या व्हायला लागल्या. परवा सराव मध्येच थांबला, कारण चौघी एकदम धावल्या. मी शिट्टी वाजवली नाही. उभी राहून वाट बघितली. इतक्या वर्षांत सराव मोडल्याचा एवढा आनंद मला झाला नव्हता.

पाळीवाल्या आईचं उत्तर मला तेव्हा सापडलं नव्हतं, आता थोडंसं सापडलं आहे. शाळा सुटल्यावर मी मैदान उघडं ठेवते. तिची दोघं आणि आणखी बरीच तिथेच खेळतात, ती कामावरून येता येता घेऊन जाते. म्हणाली, “बाई, दाई बदलली मी.” बस चालवणाऱ्या बाबांच्या घरी पाहुण्यांपुढे पाणीच येतं. ते म्हणतात, पाहुणेच कमी झाले, दोन्ही अंगांनी फायदा.

सगळं जमलं असं समजू नकोस. मोठे मुलगे अजून गेटबाहेर जातात, आणि तिथल्या दुकानाची चंगळ झाली आहे. साखरेच्या बरणीला ते घाबरत नाहीत. त्यांचं काय करायचं ते मला अजून कळलेलं नाही. कळेल.

आणि आता कालच्या सामन्याचं (नेट समोरच्या संघाने आणलेलं, आपलं अजून तुझ्याच गोडाऊनमध्ये). तू तिथे होतास, तरी लिहिते, कारण तू निम्मा वेळ नळाजवळच्या भिंतीआड उभा होतास आणि तिथून नीट दिसत नाही. आम्ही हरलो, पण शेवटच्या डावात शेवटच्या चेंडूपर्यंत नेलं. भिंगरीने एका मागोमाग चार सर्व्हिस टाकल्या आणि समोरच्या पोरींना हलता आलं नाही. मी शेजारी बघितलं तर तू माझ्या बाजूला येऊन उभा. कधी आलास कळलंच नाही. नमस्कार नाही, चमत्कार नाही.

“पाचवी तिने नेटात मारली,” तू म्हणालास.

“घाई केली.”

“तुझ्यावर गेली आहे.”

“धंदा तुझ्याकडून घेतला, घाई माझ्याकडून. पोरीचं काही खरं नाही.”

तू हसला नाहीस, पण तोंड फिरवलंस. मग म्हणालास, “आणखी दोन शाळांनी तुला बोलावलंय म्हणे.”

“बोलावलंय.”

“माझेच फ्रीज आहेत तिथे.”

“माहीत आहे.”

“जाणार?”

“जाणार.”

मला वाटलं, आता तू निघून जाशील. तू रुमाल काढलास, घाम पुसलास, पुन्हा खिशात ठेवलास. “टेम्पोवाल्याचं काय करायचं ते आधी सांग,” म्हणालास. तेवढ्यात भिंगरी धावत आली, तुझ्या हाताला धरून तुला मुलींपुढे न्यायला लागली, आणि आपलं बोलणं तिथेच राहिलं.

तर त्याचं उत्तर. मी विचार केला आहे. पूर्ण उत्तर माझ्याकडे नाही, आणि तुला खोटं सांगणार नाही. पण त्या दोन्ही शाळांत पिण्याचं पाणी बाहेरून कॅन भरून येतं, आणि ते वेळेवर येत नाही, म्हणून तिथल्या मोठ्या बाई वैतागलेल्या आहेत. टेम्पो वेळेवर पोचवणं तुझ्याइतकं या गावात कोणाला जमतं? त्यात बाटल्यांइतकं सुटणार नाही, हे मलाही कळतं. तू बसून हिशेब मांड आणि मला वेड्यात काढ. पण मांड.

मी रविवारी येतेय. तू बोलावलं नाहीस, तरी येतेय. आपण भांडू, वहिनी मधे पडेल, आणि आता ती पडली की आपल्या दोघांचंही काही चालणार नाही. फक्त एक कर. मोठी माणसं बोलताहेत म्हणून भिंगरीला बाहेर पाठवू नकोस. तिलाही टेबलाशी बसव. कोण काय पितं आणि का पितं, हे आपल्या घरात तिच्याइतकं कोणालाच कळत नाही.

शिट्टी